अकरा नापास कापडं

हॉटेलात गेलं की माणसं आधी मेनूकार्ड उचलतात, मी टेबलावरचा नॅपकिन उचलतो. बोटांत चुरगाळतो, उजेडाकडे धरतो, काठ कसा दुमडलाय ते बघतो आणि वेटरला सांगतो, "हा एका धुण्यात आटणार." वेटर बिचारा विचारतो, "साहेब, मसाला पापड आणू का?" ही खोड मला चौतीस वर्षांच्या नोकरीनं लावली. सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलांच्या गिरणीत मी दर्जा तपासनीस होतो. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि मी त्यात दोष शोधायचो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, दोन चादरींच्या रंगातला दुसऱ्या कुणाला दिसणार नाही एवढा फरक. दोष दिसला की त्याभोवती खडूनं गोल करायचा आणि माल बाजूला काढायचा. माझं नाव शंकरप्पा, पण पाठीमागं सगळी गिरणी मला 'खडू' म्हणायची. हे मला निवृत्तीच्या समारंभात, एकाच्या भाषणातून कळलं.

आमच्या अथर्वच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझं लक्ष अंतरपाटाकडे गेलं. डाव्या अंगाला एक आडवा धागाच नव्हता. मी पुढे झालो आणि बोट लावून खात्री करून घेतली. गुरुजी थांबले. मुलाच्या बापाचा या लग्नाला आक्षेप आहे, असं अर्ध्या हॉलला वाटलं. शेवटी माझ्या बायकोनं, गोदावरीनं, मागून माझा शर्ट धरून मला जागेवर आणलं. हे सगळं आधीच सांगून टाकतोय, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचून कुणाला आश्चर्य वाटायला नको.

गोदावरी मैंदर्गीची. तिथं तिच्या धाकट्या भावाची, मल्लप्पाची शेती आहे. त्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात चिटपाखरू उरत नाही. सगळी शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायचं, तिच्यात पूजा मांडायची आणि मग बोलावलेले, न बोलावलेले सगळे मिळून बाजरीचे उंडे, पालेभाज्या नि डाळींची पातळ भज्जी आणि मडक्यातली ताकाची आंबील यांच्यावर तुटून पडायचं. गोदावरी बालवाडीत बाई होती. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं की ती सणवार बघायची नाही, आधी ही अमावस्या शोधून तिच्यावर खूण करायची. दिवाळीला माहेरी जाणं चुकलं तर ती दोन दिवस गप्प असायची, पण वेळ अमावस्या चुकवण्याचा विषय आमच्या घरात निघतच नसे.

चार वर्षांपूर्वी मात्र ती शेतावर जेवायला गेली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठलेले होते. कशाचे ते तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं. पंगत बसत होती. शेजारच्या शेतातली केराबाई, जिच्याबरोबर गोदावरी लहानपणी बोरं पाडत हिंडली, ती म्हणाली, "गोदाचं ताट जरा बाजूला वाढा. काय असंल काय म्हाईत. लेकरं हायत हितं." ताट बाजूला वाढलं गेलं. गोदावरीनं त्यातलं सगळं संपवलं, सगळ्यांशी हसून बोलली आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आली. पुढे डॉक्टरांनी निदान केलं, ल्युपस आहे म्हणाले. दुसऱ्याला लागणारा आजार नव्हे, पण गोळ्या कायम घ्यायच्या आणि उन्हात बसायचं नाही. तेव्हापासून दर मार्गशीर्षात मल्लप्पाचा फोन आला की ती एकच वाक्य बोलायची, "मला ऊन सोसत न्हाय रे."

डॉक्टर ऊन म्हणत होते, बायको ऊन म्हणत होती. मी निष्कर्ष काढला की प्रश्न उन्हाचा आहे. उन्हाचा असेल तर तो कापडाचा आहे, आणि कापडाचा असेल तर तो सोडवायला अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतका लायक माणूस नाही. माझ्या डोक्यातली गिरणी अशी सरळ चालते.

निवृत्त झाल्यावर मी एक मोटारघर घेतलं. पूर्वी ती एका शाळेची मिनीबस होती. पुण्यातल्या एका हौशी माणसानं तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती आणि त्याची हौस फिटल्यावर ती माझ्याकडे आली. मागच्या काचेवर 'सावकाश, मुले आहेत' असं अजून लिहिलेलं आहे. ते खरवडून काढायला गोदावरीनं मला मनाई केली. पण मी गाडी घेतली ती पलंगासाठी नव्हे, तिच्या कडेच्या छपरासाठी. एका अंगाला टपाच्या कडेशी एक पट्टी आहे, तिच्यात कापडाची एक कड अडकवलेली. दुसरी कड पुढच्या दांडीला. दोन तिरक्या दांड्या उभ्या केल्या की गाडीच्या बाजूला दहा फूट बाय आठ फुटांची सावली तयार होते. काम झालं की कापड हातानं गुंडाळून वर बांधून टाकायचं. ते बघितल्या बघितल्या मला मल्लप्पाचं शेत दिसलं, सावलीतली सतरंजी दिसली आणि तिच्यावर बसलेली गोदावरी दिसली.

ऑगस्टमध्ये आम्ही सराव म्हणून गाडी हिप्परग्याच्या तलावावर नेली. छपराखाली बसून चहा प्यालो. येताना भुरभुर पाऊस होता, म्हणून मी घाईघाईनं कापड तसंच ओलं गुंडाळलं आणि वर बांधून टाकलं. गिरणीच्या गोदामात 'ओल्या मालाची घडी करू नये' अशी पाटी होती. ती मी लिहून लावलेली होती. त्या पाटीखाली उभं करून मी कित्येक माणसांना झापलंय. नोव्हेंबरात कापड उलगडलं तेव्हा त्यावर काळ्या बुरशीचे नकाशे उमटले होते आणि पट्टीजवळ ते हातानं ओढताच चर्रकन फाटलं. गोदावरी दारात उभी होती. मला वाटलं आता ती पाटीचा विषय काढणार.

तिनं तो काढला नाही. फाटलेल्या कापडाला तिनं जरा वेळ हात लावून बघितलं आणि म्हणाली, "हे नीट झालं ना, तर यंदा वेळ अमावस्येला जाऊ आपण."

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून ते नाव घेतलं होतं. अमावस्येला एक महिना होता. मी छाती काढून सांगितलं, "चार दिवसांत करून देतो."

शुक्रवार पेठेत सोनाबाईचं दुकान आहे. ट्रकच्या ताडपत्र्या, मांडवाच्या कनाती, कूलरची कव्हरं, जे जाड असेल ते ती शिवते. पूर्वी ती आमच्याच गिरणीत शिलाई खात्यात होती. मला बघताच तिनं मशीन थांबवलं आणि पहिलं काय केलं असेल तर समोरचं शिवलेलं कापड उचलून माझ्या नजरेआड ठेवलं.

"भ्याव नको," मी म्हणालो, "आज गिऱ्हाईक म्हणून आलोय."

"त्येच तर भ्याव हाय, साहेब," ती म्हणाली. "एकदा माझं चाळीस टॉवेल खडू मारून परत केलं होतं तुमी. टीप वाकडी म्हणून. कुणी टॉवेलाची टीप बगून अंग पुसतंय का?"

मी विषय बदलला. तिनं नमुने दाखवले. ताडपत्री, कॅनव्हास, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक. मी खिशातून भिंग काढलं. निवृत्त झाल्यावर माणसं खिशात औषधाच्या गोळ्या ठेवतात, मी धागे मोजायचं भिंग ठेवतो. दीड तास झाल्यावर सोनाबाई म्हणाली की बाकीचं घरी नेऊन बघा, मला दुकान चालवायचंय.

मग आमच्या गच्चीवर प्रयोगशाळा सुरू झाली. दोरीवर हातभर लांबीचे तुकडे क्रमांक लावून टांगले. प्रत्येकाखाली दुपारी बारा, एक आणि दोन वाजता थर्मामीटर धरायचा. प्रत्येकावर लोटाभर पाणी ओतून ते किती वेळात गळतं ते बघायचं. ओला रुमाल शंभर वेळा घासून रंग सुटतो का बघायचं. एक-एक धागा काढून काडी लावायची आणि वास घ्यायचा. या वासाच्या तपासणीत माझ्या मिशीचा डावा कोपरा गेला. शेजारीण तिच्या गच्चीवरून विचारायची, "काका, वाळवण घातलंय का?" मी तिला कापडाच्या विणीबद्दल सांगायला लागलो की तिच्या घरात काहीतरी उतू जायचं.

ताडपत्री पहिल्याच दिवशी बाद झाली, तिच्याखाली शेगडीवर बसल्यासारखं वाटतं. कॅनव्हासचा स्पर्श असा सुरेख होता की माझे डोळे भरून आले, पण पाणी प्यालं की ते म्हशीसारखं जड व्हायचं. एका पॉलिएस्टरचा काठ सरळ नव्हता. एकाचा सरळ होता, पण मला तो आवडला नाही. फिकट क्रीम रंगाचं एक ॲक्रिलिक जवळजवळ पास झालं होतं. थंड सावली, पक्का रंग, उजेड स्वच्छ. मग भिंगातून मला त्याच्यात फुटाफुटावर एक गाठ दिसली. माणूस खाली बसून मान वर करून भिंग लावेल तरच दिसेल अशी. मी वहीत त्याच्यापुढे 'नापास' लिहिलं. अकरा नमुने झाले, अकराही नापास. चार दिवसांचे तेवीस दिवस झाले होते.

रोज रात्रीच्या जेवणाला गोदावरी विचारायची, "झालं का पक्कं?" आणि मी तिला त्या दिवशीचा दोष समजावून सांगायचो. तेविसाव्या दिवशी तिनं विचारलं नाही. फोनवर मल्लप्पाला सांगत होती, "बघू रे. न्हाय जमलं तर पुढल्या साली." मला वाटलं, ती मला समजून घेतेय. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं की आता दर्जाशी तडजोड करावी लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईकडे गेलो नि आणखी नमुने मागितले. ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "साहेब, आमुशा पुढच्या वर्षीबी येतीय. तिच्यासाटी निवडताय का ही?"

हे मी घरी येऊन विनोद म्हणून सांगितलं. गोदावरी हसली नाही. तिनं स्कार्फ काढला, तोंडाला गुंडाळला, फक्त डोळे उघडे ठेवले, जसं ती अलीकडे कुठंही जाताना करते, ऊन असो नसो. "चला," म्हणाली, "मी येते."

दुकानात तिनं भिंग मागितलं नाही, धागा काढला नाही, किंमतही विचारली नाही. जिथं दारातून ऊन आत येतं तिथं ती उभी राहिली आणि सोनाबाईला म्हणाली, "जरा हात पुढं करा की." सोनाबाईनं हात पुढे केला. गोदावरी एकेक तुकडा तिच्या हाताच्या वर उन्हात छपरासारखा धरायची, वाकून त्या हाताकडे बघायची आणि तुकडा बाजूला ठेवायची. मी मनात म्हटलं, कापड बघायचं सोडून ही हात काय बघतेय? पण बायकांची रीत म्हणून सोडून दिलं.

कोपऱ्यात एक अर्धा तागा उभा होता. वाळल्या मिरचीसारखा लाल. कुठल्याशा हॉटेलनं अंगणातल्या सावलीसाठी मागवला होता आणि रंग बघून परत पाठवला होता. जात तीच, क्रीमवाल्या ॲक्रिलिकची. गोदावरीनं त्याचं टोक ओढून सोनाबाईच्या हातावर धरलं. मग स्वतःचा हातही त्या हाताशेजारी ठेवला. औषधांनी आणि आजारानं तिच्या हातावरही डाग आहेत. ती बराच वेळ दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"हे द्या," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "अगं, लाल रंग सगळ्यात आधी विटतो. आणि याच्याखाली बसलं की सगळं लाल दिसणार. भात लाल, भाकरी लाल, माणसं लाल. भज्जीचा हिरवा पाला काळा दिसेल. रंग बघायचा तर उजेड पांढरा हवा, हा पहिला नियम आहे. रंगीत उजेडात खरा रंग कळतच नाही कुणाला."

"दिसू दे लाल."

"अगं पण..."

"सोनाबाई, हेच फाडा," ती म्हणाली. सोनाबाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येताना मी रिक्षात तोंड फुगवून बसलो होतो. चोवीस दिवसांची मेहनत, एक भरलेली वही आणि अर्धी मिशी पाण्यात गेली होती. बायकांना लाल रंग आवडतो असा एक घाऊक निष्कर्ष मी रिक्षातच काढला आणि तो मला पुढचा आठवडा पुरला.

मोजमाप मात्र मी माझ्या हातात ठेवलं. आठ फूट लांबी. चौतीस वर्षं आम्ही कापड आटणार म्हणून माप आधी वाढवूनच लिहीत आलो. फुटाला इंच. मी आठ फुटांना आठ इंच वाढवले आणि सोनाबाईला चिठ्ठी दिली. रुंदी तिनं स्वतः गाडीवरच्या दांडीला कापड लावून घेतली.

अमावस्येच्या आदल्या दुपारी कापड बसवलं. दांड्या उभ्या केल्या, आणि कापडाचं मधोमध पोट सुटलं. ताणून ओढलं तरी सुटलेलंच. टेपनं मोजलं. आठ फुटांना सोळा इंच जास्त.

"मी आठच वाढवले होते," मी म्हणालो.

सोनाबाईचा चेहरा पडला. "तुमी वाढवलं होतं? मी बी वाढवलं की. फुटाला इंच. तुमीच शिकवलंय न्हवं साहेब, कापड आटतंय, आदी वाढवून कापा. न्हाय वाढवलं तर खडू मारत होता."

मग आम्ही दोघं, गिरणीची मिळून साठेक वर्षं, त्या कापडाकडे बघत उभे राहिलो. कारण दोघांनाही एकाच वेळी आठवलं होतं की ॲक्रिलिक आटतच नाही. सुती कापड आटतं. हे आटत नाही म्हणून तर आपण ते घेतो. खाली गोदावरी पायरीवर बसली होती, स्कार्फमधून तिचं हसणं ऐकू येत होतं. सोनाबाईनं उसवून परत शिवायला दोन दिवस मागितले. गोदावरी पायरीवरूनच म्हणाली, "असू दे. पोट माझ्याही नवऱ्याला आहे, त्याला नेतेच की मी सगळीकडे."

सकाळी निघालो. मैंदर्गीच्या अलीकडे रस्त्यालगत ज्वारी कमरेपेक्षा उंच झालेली होती. शेतात शिरलो तेव्हा कोपीतली पूजा आटोपली होती आणि कुणीतरी आंबील शिंपडत बांधाबांधानं आरोळ्या देत हिंडत होतं. मल्लप्पा पळतच आला. "बर्री दाजी, बर्री! या, या! अक्का कुटं हाय?" अक्का गाडीत होती. मागच्या पलंगावर पडदा ओढून बसली होती. "छप्पर लावा आधी," मला म्हणाली. "मग बघू."

ते 'मग बघू' मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असतो. छप्पर लावताना मी एकच दांडी दोनदा उलटी उभी केली. ती आतच बसून राहिली तर सगळ्यांसमोर मी काय सांगणार होतो? ऊन आहे म्हणून? छपराखाली ऊन नव्हतं.

कापडाचं पोट बघून लोकांना फार आनंद झाला. "दाजी, हिच्यात काय धान्य भरायचं हाय का?" मल्लप्पानं विचारलं. मग त्यानंच कोपीजवळच्या दोन मेढी आणून त्या पोटाखाली टेकू दिला, सतरंज्या अंथरल्या आणि पंगत तिथंच बसवायची म्हणून हाका मारल्या. दुपार चढली होती. माणसं भराभर सावलीला आली. दाटीवाटीनं सोळा-सतरा जण बसले. केराबाईही आली, दुरडीत उंडे घेऊन.

आणि सगळं लाल झालं. सतरंजी, पत्रावळी, मल्लप्पाचं पांढरं धोतर. भज्जी मी सांगितली होती तशीच काळी दिसत होती. मला त्यातही थोडं समाधान वाटलं. मल्लप्पाची नात संस्कृती, असेल पाच वर्षांची, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून टाळ्या पिटत ओरडली, "आज्जी लाल! आबा लाल! समदीच लाल!" मी मल्लप्पाला सांगायला सुरुवात केली, "बघ, मी तुझ्या बहिणीला आधीच म्हणालो होतो..."

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं.

गोदावरी पायरीवर उभी राहिली. तोंडाला स्कार्फ. तिनं पंगतीकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका चेहऱ्याकडे, घाई न करता. इतका वेळ की सगळे बोलायचे थांबले. मग ती खाली उतरली, सावलीत आली, मानेमागं हात नेऊन तिनं गाठ सोडली आणि स्कार्फ काढून घडी करून कमरेला खोचला. चार वर्षांत घरची माणसं आणि डॉक्टर सोडून कुणी तिचा उघडा चेहरा बघितला नव्हता.

मी तिच्याकडे सवयीनंच बघितलं, तपासायला. डावा गाल, नाक, उजवा गाल. मला कापडावरचा केसाएवढा डाग दहा फुटांवरून दिसतो. मला काही दिसेना. तिचा चेहरा लाल होता, मल्लप्पाचा लाल होता, केराबाईचा लाल होता. चट्टा कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते, ते चौतीस वर्षं दोष शोधलेल्या माणसालासुद्धा सांगता येत नव्हतं. मला माझं दुकानातलं भाषण शब्दन् शब्द आठवलं. रंगीत उजेडात खरा रंग कळतच नाही कुणाला. मी ते तिला तक्रार म्हणून सांगत होतो, आणि ती तेवढ्याचसाठी सोनाबाईचा हात धरून उभी होती. मला इतकी लाज वाटली की हातातला उंडा कुठं ठेवावा ते सुचेना.

ती केराबाईच्या शेजारी जागा होती तिथं जाऊन बसली. केराबाई तिच्याकडे बघत राहिली.

"बरं झालं की गं," केराबाई म्हणाली. "गेलं की समदं."

"गेलं न्हाय," गोदावरी म्हणाली. "हितं दिसत न्हाय, एवडंच."

केराबाईनं मान खाली घातली. मग दुरडीतून एक उंडा काढला, स्वतःच्या हातानं कुस्करला, त्यावर भज्जी ओतली, आणि गोदावरीसमोरची रिकामी पत्रावळ उचलून बाजूला ठेवून दिली. स्वतःचीच पत्रावळ दोघींच्या मधे सरकवली.

"ऊटा माड," ती म्हणाली. जेव म्हणून. त्या दोघी लहानपणी आपापसात कन्नडच बोलायच्या. गोदावरीनं पहिला घास त्याच पत्रावळीतून घेतला.

पंगतीत पुन्हा गलका सुरू झाला. कुणी आंबील मागितली, कुणी माझ्या मिशीबद्दल विचारलं. मी सरकत सरकत गोदावरीजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "मला सांगितलं असतंस, तर मी पहिल्याच दिवशी लाल आणलं असतं."

"आणि त्याला नापास केलं असतंत," ती म्हणाली. तोंडात घास होता. "जेवा आता. गार होतंय."

मी जेवायला लागलो. समोर ती आणि केराबाई कुणाच्या तरी लग्नातली जुनी गोष्ट काढून हसत होत्या, दोघींची बोटं एकाच भज्जीत. माझे डोळे लाल झाले होते. पण त्या कापडाखाली ते कुणाच्या लक्षात येणार होतं?